मालक नसलेली बॅग



सुट्टीत झिंजहून मुहर्रकच्या विमानतळावर जाऊन आपण मुंबईचे विमान पकडतो. कधी सगळे बसले तरी विमान हलत नाही. एखादा प्रवासी आलेला नसतो आणि त्याचे सामान उतरवणे चालू असते. हा खटाटोप कशासाठी?

२३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ बॉम्बस्फोटाने समुद्रात कोसळले. ३२९ जण गेले. बॉम्बची बॅग कॅनडात व्हँकुव्हरला दुसऱ्या विमानात चढवली होती. तिथून ती टोरोंटोला 'कनिष्क'मध्ये आली. मालक मात्र कुठल्याच विमानात बसला नाही. हे विमान दिल्लीमार्गे मुंबईला यायचे होते. मुंबईत कितीही कडक तपासणी असती तरी काय उपयोग?

आमच्या आयटीत एका संगणकाचा पासवर्ड सैल असला की सगळे नेटवर्क उघडे पडते. विमानांचेही तसेच. म्हणून 'आयकाओ' या संयुक्त राष्ट्रसंघाच्या विमान वाहतूक संघटनेने १९७४ साली केलेले सुरक्षा नियम 'कनिष्क'नंतर आणखी कडक केले. भारतात १९८७ साली नागरी विमान सुरक्षेचा स्वतंत्र विभाग झाला. २००२ पासून आयकाओ सदस्य देशांची सुरक्षा तपासते. जिथे उणीव दिसते तिथे प्रशिक्षण आणि तज्ज्ञांची मदत मिळते. दुबळ्या देशाला मदत म्हणजे आपल्याच प्रवासाची काळजी.

बॅगेबरोबर तिचा माणूस हवा, हे देश पाहतात. आत काय आहे हे ठाऊक असणे आपले काम. तेव्हा कुणी "एवढे पार्सल घरी पोचवाल का?" म्हटले, तर आधी उघडून पाहा. ओळखीचा माणूस रागावणार नाही.