बसणाऱ्यांचा खेळ

धानाची कापणी आटोपून बांध्या मोकळ्या झाल्या आणि सकाळचे ऊन अंगावर घ्यावेसे वाटू लागले, की गोंदिया जिल्ह्यातील शाळांच्या मैदानांवर चुन्याच्या रेघा उमटू लागतात. आणि एरवी पाढे, शुद्धलेखन व हजेरी यांपलीकडे ज्या वर्गाला स्वतःचे अस्तित्व जाणवलेले नसते, तोच वर्ग आंतरवर्गीय सामन्यांच्या त्या चारदोन दिवसांत एकाएकी एक कुटुंब होऊन जातो. ही वर्गनिष्ठा घोषणांतून ऐकू येते खरी, परंतु तिची परीक्षा होते ती खोखोच्या मैदानावर, उकिडव्या बसलेल्या आठ मुलांत, असे माझे मत आहे.

खोखोची नियमावली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली सिद्ध केली. दोन खांब आणि चुन्याची फक्की यांवाचून या खेळाला काही लागत नाही, म्हणून खेड्यातल्या शाळेनेही तो जिवापाड जपला. पारंपरिक नियमांप्रमाणे बारा जणांच्या संघातील नऊ मैदानात उतरतात. आठ जण मधल्या पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. या नवव्याला मधली पाटी ओलांडण्याची मुभा नाही, आणि एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे वळताही येत नाही. पळणारा गडी मात्र बसलेल्यांच्या मधून हवा तेव्हा पलीकडे निसटतो. त्यामुळे वर्गातील सर्वांत चपळ मुलालाही, बसलेल्या सोबत्याच्या पाठीला हात लावून, मोठ्याने ‘खो’ म्हणून, आपली धाव अर्ध्यावर सोडून देण्यावाचून गत्यंतर नसते. ज्याला खो मिळाला त्याने तत्क्षणी उठावे आणि ज्याने दिला त्याने त्या रिकाम्या जागी निमूट बसावे, असा हा दंडक आहे. गडी बाद होतो तेव्हा टाळ्या शेवटच्या हाताला मिळतात. तो गडी त्या कोपऱ्यापर्यंत रेटत आणणारे आधीचे चार खो जाणत्या गुरुजींनाच दिसतात, आणि म्हणूनच ते सरावात धावण्याइतकाच उठण्याचा अभ्यास करून घेतात: नजर पळणाऱ्यावर, कान पाठीमागे.

आपल्या झाडीपट्टीतील मुलांना हे कठीण वाटू नये. रोवणीच्या दिवसांत आया-मावश्या बांधीत ओळ धरून मागे मागे सरकताना त्यांनी पाहिलेल्या असतात. एकीचा हात मंदावला तर सारी ओळ वाकडी होते, म्हणून शेजारीण न बोलता तिच्या वाट्याची चार रोपे लावून देते.

वर्गप्रेमाला विषारी वळण लागू शकते, हेही सांगितले पाहिजे. १९५४ च्या उन्हाळ्यात मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात अकरा वर्षांच्या आसपासच्या बावीस मुलांचे दोन गट करून त्यांच्यात सामने लावले, तेव्हा चढाओढ एकमेकांची निशाणे जाळण्यापर्यंत गेली. त्यांना नुसते एकत्र जेवू घालून वैर निवळले नाही. पिण्याचे पाणी अडले, मालमोटार बंद पडली आणि ज्या दोराने ते परस्परांविरुद्ध रस्सीखेच खेळले होते त्याच दोराने ती मोटार सर्वांना मिळून ओढावी लागली, तेव्हा कुठे मने हळूहळू जवळ आली.

आपल्या शाळांत ती मोटार म्हणजे केंद्रस्तरावरील सामने. आंतरवर्गीय सामने संपले, की सातवी व आठवीतील निवडक खेळाडूंचा मिळून शाळेचा एक संघ होतो. आठ दिवसांपूर्वी परस्परांच्या नावाने ओरडणारी मुले आता मधल्या पाटीवर एकाआड एक बसतात, आणि आठवीचा मुलगा धावत येऊन सातवीच्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, ‘खो!’