सुराआधी पट्टी: कीबोर्डच्या स्पर्शाची पन्नास वर्षे

कीबोर्ड घ्यायला गेलेल्या माणसाची दुकानातली चौकशी बहुधा ठरलेल्या क्रमाने होते. टोन किती, ऱ्हिदम किती, बासरी आणि संतूर खरी वाटते का, आणि शेवटी किंमत. पट्टी दाबल्यावर बोटाला काय जाणवते हा प्रश्न निघालाच, तर ‘वेटेड आहे का’ एवढ्यावर संपतो. गेल्या पन्नास वर्षांत या वाद्यात काय बदलत गेले ते पाहिले, तर हा क्रम उलटा असायला हवा असे माझे म्हणणे आहे. आवाज ही कीबोर्डमधली सर्वांत लवकर जुनी होणारी आणि सर्वांत सहज बदलता येणारी गोष्ट ठरली आहे. पट्टी मात्र खरेदीच्या दिवशी जी हाती येते, तीच शेवटपर्यंत राहते. शिवाय सगळ्यांसाठी चांगली अशी पट्टीची एकच जात नाही. हाताला कोणत्या वाद्याची सवय लावायची आहे, त्यावर तिची निवड ठरते.

मुळात पट्टी आणि आवाज ही एकाच यंत्राची दोन टोके होती. पियानोत पट्टी हातोडी उडवते आणि हातोडी तारेवर आपटते. जोर वाढला की आवाज वाढतो, आणि हातोडीचा भार बोटाला जाणवल्याशिवाय राहत नाही. पेटीत पट्टी फक्त झडप उघडते. आवाज लहानमोठा करण्याचे काम भात्याचे, म्हणजे दुसऱ्या हाताचे असते. म्हणून पेटी वाजवणाऱ्याची बोटे जोर शिकत नाहीत. हलकेपणा, चपळाई आणि एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद उतरणे शिकतात. 1935 मध्ये बाजारात आलेल्या हॅमंड ऑर्गनमध्ये पट्टी विजेचे संपर्क जोडते आणि आवाज पायाच्या पेडलने कमीजास्त होतो. प्रत्येक पट्टीचा स्वभाव असा आतल्या यंत्रातून आलेला होता. वादकाला तो वेगळा निवडावा लागत नव्हता, कारण वाद्य निवडले की पट्टीही निवडली जात होती.

सिंथेसायझरने हे नाते सैल केले. 1970 चा मिनीमूग, 1978 चा प्रॉफेट-5, 1981 चा ज्युपिटर-8 ही त्या काळातली मानाची वाद्ये. पण तिघांच्याही पट्टीला बोटाचा जोर कळत नव्हता. पट्टी हे केवळ बटण होते, खालच्या स्प्रिंगने वर येणारे. दुसरी वाटही त्याच दशकात निघाली. 1974 मध्ये रोलंडने ईपी-30 हा स्पर्शानुसार आवाज बदलणारा इलेक्ट्रॉनिक पियानो आणला. 1977 च्या यामाहा सीएस-80 मध्ये तर पट्टी दाबून धरल्यावर दिलेला जास्तीचा दाबसुद्धा प्रत्येक सुरासाठी वेगळा मोजला जाई. म्हणजे स्पर्श ओळखण्याची विद्या सत्तरच्या दशकातच हाती होती. ती सर्वांपर्यंत पोचली नाही, कारण ती महाग होती आणि वाद्य अतिशय जड करत होती.

खरी फारकत झाली ती 1983 मध्ये. त्या वर्षी मिडी हे सामायिक मानक अमलात आले आणि यामाहाचा डीएक्स7 बाजारात आला. त्याच्या 61 पट्ट्यांना बोटाचा वेग कळत होता, शिवाय दाबलेल्या पट्टीवरचा जास्तीचा दाबही कळत होता. वेग मोजण्याची युक्ती साधी आहे. पट्टीखाली दोन संपर्कबिंदू असतात. पट्टी खाली जाताना पहिला आणि दुसरा यांच्यामध्ये किती वेळ गेला, त्यावरून आघात हलका की जोराचा हे ठरते. मिडीने तो वेग 1 ते 127 अशा आकड्यात बांधला आणि केबलमधून कोणत्याही दुसऱ्या वाद्याकडे पाठवण्याची सोय केली. त्या क्षणापासून एका कंपनीची पट्टी दुसऱ्या कंपनीचा आवाज वाजवू शकत होती. आज यूएसबी केबलने संगणक जोडला की दहा वर्षांपूर्वीच्या कीबोर्डवर कालच निघालेला पियानोचा आवाज वाजतो. उलट दिशेने मात्र असे काही घडत नाही. मोडलेली पट्टी त्याच जातीच्या पट्टीने बदलता येते, पण वाद्याचा सगळा पट काढून वरच्या दर्जाचा बसवणे सामान्य ग्राहकाच्या आवाक्यातले काम नाही. सुराआधी पट्टी पाहावी, याचे सर्वांत भक्कम कारण हेच.

बाजार मात्र दुसऱ्याच अंगाने वाढला. 1980 मध्ये कॅसिओने कॅसिओटोन 201 घेऊन वाद्यांच्या धंद्यात पाऊल टाकले. 1985 च्या एसके-1 मध्ये तर 32 छोट्या पट्ट्यांवर कोणताही आवाज पकडून वाजवण्याची गंमत होती. मेमरी स्वस्त होत गेली तसे टोनचे आकडे शेकड्यांत गेले आणि खोक्यावर ठळक छापले गेले. पट्टीचा भार, तिची लांबी, तिचे पुन्हा वर येणे यांचा असा आकडा होत नाही, म्हणून जाहिरातीत त्याला जागा नव्हती. तरीही सुधारणा झालीच. हातोडीचा भार देणारी हॅमर ॲक्शन महागड्या डिजिटल पियानोंमधून हळूहळू खाली उतरली. यामाहा पी-45 किंवा रोलंड एफपी-30 सारख्या, गेल्या दशकातल्या घरगुती वाद्यांत ती सर्रास आली. काही कंपन्यांनी दोनऐवजी तीन संवेदक बसवले, त्यामुळे पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच सूर पुन्हा वाजवता येऊ लागला. 2019 मध्ये कॅसिओच्या पीएक्स-एस1000 ने हॅमर ॲक्शन 232 मिलिमीटर खोलीच्या खोक्यात बसवली. अशा बारीकपणाची किंमत कुठेतरी मोजावी लागते. ग्रँड पियानोची पट्टी बाहेर दिसते त्याहून आत कितीतरी लांब असते. ती आखूड झाली की टेकू जवळ येतो, आणि पट्टीच्या आतल्या टोकाला दाबायला जास्त जोर लागतो.

या इतिहासावरून कोणी म्हणेल की जड पट्टी हीच प्रगती, तेव्हा परवडत असेल तर हॅमर ॲक्शनच घ्यावी. पियानो शिकायचा असेल तर हे म्हणणे पूर्ण बरोबर आहे. पण महाराष्ट्रात कीबोर्डकडे येणारा मोठा वर्ग पेटीवरून, भजनातून, सुगम संगीताच्या वाद्यवृंदातून येतो. त्याच्या हाताला पेटीच्या हलक्या पट्ट्यांवर द्रुत तानेची, खटक्याची, मुरकीची सवय असते. त्याच जागा हॅमर ॲक्शनवर घ्यायला गेले, तर हात दमतो आणि जागा बोथट होतात. ऑर्गन वाजवणाऱ्याचीही तीच गत, कारण तळवा पट्ट्यांवरून घसरवत नेणे हा त्याच्या वादनाचा भाग आहे. त्यांच्यासाठी हलकी, पण जोर ओळखणारी पट्टी ही विचारपूर्वक केलेली निवड ठरते. तिला स्वस्तातली तडजोड म्हणणे बरोबर नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये मुंबईत रागांवरची जी सिंथेसायझरची तबकडी केली, तिच्यात ज्युपिटर-8 होता, आणि त्याच्या पट्टीला जोर कळतच नव्हता. तरी ते काम आज जगभर ऐकले जाते. मग स्पर्शाचे एवढे कौतुक कशाला? उत्तर असे की अशा वाद्यांत भावदर्शनाचे काम पट्टीकडे नव्हतेच. फिल्टरची बटणे, सूर वाकवण्याचा दांडा, आवाजाचे पेडल यांनी ते केले, जसे पेटीत भाता करतो. म्हणजे हा दाखला ‘पट्टी कशीही चालते’ असे सांगत नाही. सुराचा चढउतार बोटातून घडवायचा की दुसऱ्या हातातून, हे आधी ठरवा, असे तो सांगतो. तो बोटातून घडवायचा असेल, तर पट्टीतली उणीव दुसऱ्या कशानेही भरून निघत नाही.

नवशिक्याला इतका बारकावा कळत नाही, साधा कीबोर्ड घेऊन पाहू, नंतर चांगला घेऊ, असेही पालक म्हणतात. खर्चाच्या बाबतीत ही काळजी रास्त आहे. पण जोर न ओळखणाऱ्या पट्टीवर मूल हळू वाजवो की आपटो, आवाज एकच येतो. त्यामुळे बोट आणि कान यांची गाठ पडत नाही, आणि ती तर पहिल्याच महिन्यांत पडायला हवी. याचा अर्थ लगेच महागडा डिजिटल पियानो घ्या असा होत नाही. पूर्ण आकाराच्या, स्पर्श ओळखणाऱ्या 61 पट्ट्या ही नवशिक्याची किमान पायरी मानावी. बजेट कमी पडत असेल, तर टोनच्या संख्येत काटकसर करावी.

तुलना करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: पट्टीचा यांत्रिक भार, आणि तिने पाठवलेल्या आकड्याला मिळणारा आवाजाचा प्रतिसाद. मोठे स्पीकर आणि गोड टोन सामान्य पट्टीलाही चांगले भासवतात. म्हणून आधी आवाज पूर्ण बंद करून वाजवावे. खडखड, आडवी हालचाल, तळाशी बसणारा दणका तेव्हाच कळतो. पांढरी पट्टी बाहेरच्या टोकाला आणि काळ्या पट्ट्यांच्या मध्ये आत अशी दोन्हीकडे दाबून पाहावी. एकच सूर बोट पूर्ण न उचलता भरभर वाजवावा. मग दोन्ही वाद्यांची टच सेटिंग मधल्या पातळीवर आणून, एकाच हेडफोनमधून, एकच ओळ अगदी हलकी आणि मग जोरात वाजवावी. टच सेटिंगने प्रतिसाद बदलतो, पट्टीचा भार तसाच राहतो, हे विक्रेता सहसा सांगत नाही. जवळपास दुकान नसेल, ऑनलाइनच घ्यायचे असेल, तर माहितीपत्रकात टोन मोजण्याऐवजी ॲक्शनचे नाव आणि संवेदकांची संख्या शोधावी, आणि वाद्य परत करण्याची मुदत आधी पाहावी. 2020 मध्ये आलेल्या मिडी 2.0 ने वेगाच्या 127 पायऱ्यांच्या जागी 65,536 पायऱ्यांची सोय केली. पण पट्टीखालचे संवेदक ढोबळ असतील, तर या जास्तीच्या पायऱ्या वापरातच येत नाहीत. पट्टीची अंतिम परीक्षा त्यामुळे आजही बोटांनीच करायची असते, आणि ती पैसे देण्याआधी करायची असते.