दगडातली शिंपली नेमकी कोणाची?

लालबागच्या आमच्या चाळीतल्या नववीतल्या मुलीने परवा मोबाइलवर दोन फोटो दाखवले. दोन्हींत पंख्याच्या आकाराची, रेघारेघांची दगडी शिंपली. "काका, यातली एकच खरी शिंपली आहे, दुसरा ब्रॅकिओपॉड. माझा दर वेळी घोळ होतो." विज्ञान स्पर्धेसाठी फोटो पाठ करून करून बिचारी दमली होती.

घरात तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, आणल्या होत्या. त्यातली एक धुऊन तिच्या हातात दिली. तिसरीची दोन्ही पुटं एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. पण त्यातलं एकच पूट घेऊन टोकापासून खालच्या कडेपर्यंत रेघ ओढली, तर दोन बाजू सारख्या होत नाहीत. टोक एका अंगाला कललेलं असतं. ब्रॅकिओपॉड या वेगळ्याच समुद्री प्राण्याचं नेमकं उलटं. त्याच्या प्रत्येक पुटाचे मधोमध दोन सारखे भाग पडतात, पण दोन पुटं आपसांत जुळत नाहीत. एक मोठं, एक लहान, आणि मोठ्याच्या टोकाशी बहुधा देठासाठी भोक. कालवं मात्र या नियमात बसत नाहीत, त्यांची पुटं वेडीवाकडी. पण त्यांना कुठूनही कापा, सारखे भाग पडत नाहीत, म्हणून ती ब्रॅकिओपॉडही ठरत नाहीत.

गोगलगायींचा घोळ आणखी गमतीचा, आणि तो आपल्या महाराष्ट्रातला आहे. दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्याचा गाळ दगड होऊन अडकला. नागपूरजवळ टाकळीला स्टीफन हिस्लॉप यांनी 1850च्या दशकात असे जीवाश्म गोळा केले. त्या गाळात फायसा आणि लिम्निया अशा दोन गोगलगायी सापडतात, पाहताक्षणी सारख्याच. शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड डावीकडे उघडलं तर फायसा, उजवीकडे उघडलं तर लिम्निया. इथे देव्हाऱ्यातला शंख मुलांना हमखास चकवतो. दक्षिणावर्ती शंख आपण शेंडा खाली ठेवून पाहतो, म्हणून तो उजवा. तोच शेंडा वर करून धरला की तोंड डावीकडे जातं आणि प्राणिशास्त्र त्याला डावा म्हणतं. म्हणून आधी धरायचं कसं ते ठरवा, मग डावं-उजवं बोला.

देव्हाऱ्यातच पुढचा धडाही आहे. गंडकी नदीतल्या अनेक शाळिग्रामांमधलं चक्र म्हणजे अमोनाइट या समुद्री प्राण्याचा जीवाश्म. त्याच्यासारखाच वेटोळ्यांचा नॉटिलस आजही समुद्रात जिवंत आहे. अमोनाइट मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनासोरांबरोबरच संपले. दोघांच्याही शिंपल्यात कप्पे असतात. वरचं कवच झिजलं की कप्प्यांच्या भिंतींची सांधरेषा दिसते. नॉटिलसची रेषा साधी, हलक्या वळणाची. अमोनाइटची पानाच्या कडेसारखी दातेरी, नागमोडी. फोटोत तीच शोधायची, वेटोळी मोजत बसायची नाहीत.

आणि दगडावर काळं, नाजूक नेच्याचं पान दिसलं तर लगेच हुरळून जाऊ नका. बऱ्याचदा ती भेगेतून झिरपलेल्या मँगनीजची नक्षी असते. पानाला मधली शीर असते, ठरावीक अंतरावर पर्णिका असतात. नक्षीला असला काही हिशेब नसतो.

लाव्हाच्या मुंबईत जीवाश्म कुठले, असं त्या मुलीला वाटत होतं. तिला वरळीचं सांगितलं. लालबागपासून जवळच असलेल्या वरळीच्या टेकडीतल्या गाळाच्या थरात दगड झालेले चिमुकले बेडूक सापडले. 1847 साली लंडनचे शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं आणि बेडकांच्या ओळखीच्या 'राना' या प्रजातीत त्यांना बसवलं. पुढे 1930 मध्ये नोबल या शास्त्रज्ञांनी हाडं नव्याने तपासली, तेव्हा हा बेडूक 'राना' नाही हे उमगलं आणि त्याला 'इंडोबॅट्रॅकस' हे नवं नाव मिळालं. ओवेनसारख्या दिग्गजाने दिलेलं नावही 83 वर्षांनी बदलावं लागलं, हे ऐकून तिचा चेहरा उजळला.

पालकांनो, पुढच्या रविवारी बाजारातून तिसऱ्या आणाल तेव्हा दोन-चार शिंपल्या फेकू नका. धुऊन, वाळवून मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवा.