विषय घराजवळचाच, दिसायला मात्र वेळ लागतो

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा तालुक्यात, वर्धा नदीच्या पलीकडे सास्ती हे गाव आहे. गावाला लागून वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, म्हणजे वेकोलिच्या, कोळसा खाणी. उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोहोचायचं तर आधी वरची माती आणि दगड काढावा लागतो. ती माती वर्षानुवर्षं बाजूला टाकत गेलं की सपाट रानात तिच्या टेकड्या उभ्या राहतात. ज्यांनी लहानपणापासून तेच पाहिलं, त्यांना त्या टेकड्यांचं काही वाटेनासं होतं. प्रभाकर पाचपुते यांचा जन्म 1986 सालचा, याच गावातला. त्यांच्या घरातल्या तीन पिढ्यांनी खाणीत काम केलं. आज त्यांची चित्रं जगभर दाखवली जातात. त्या चित्रांत खाण असते आणि त्यातली बरीचशी कोळशानेच काढलेली असतात. चित्रकाराच्या हातातला कोळसा लाकडाचा, खाणीतला दगडी. पण बोटं दोन्हींनी सारखीच काळी होतात.

चित्रकारांना विषय कसे सुचतात, असं विचारणाऱ्याला मी पाचपुतेंचं उदाहरण आधी सांगते. खाणीशेजारी वाढलेला मुलगा खाण रंगवणारच, असं म्हणून हा प्रश्न निकालात काढता येत नाही. ते खैरागडला शिकले, नंतर बडोद्याला, आणि तेही शिल्पकला. कोळशाच्या रेखाटनांनी त्यांची ओळख झाली ती त्यानंतर, मुंबईत. 2012च्या सुमारास कुलाब्यातल्या ‘क्लार्क हाऊस’मध्ये त्यांची ही कामं लोकांसमोर आली. सास्तीपासून इतकं दूर आल्यावर सास्ती कागदावर उतरली, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अंगवळणी पडलेलं दृश्य पुन्हा दिसायला लागण्यासाठी थोडं अंतर लागतं.

त्यांचं काम जवळून पाहायला हवं. माणूस उभा असतो, पण धडावर डोकं नसतं. डोक्याच्या जागी कधी दिवा, कधी घर, कधी एखादं हत्यार किंवा यंत्राचा तुकडा. पाय जनावराचे, पाठीवर जमिनीचाच एक लचका. खाण माणसाचं काय करते हे सांगायला त्यांना आकडेवारी लागत नाही. माणसाचं डोकंच बदललेलं असतं. कित्येकदा ते थेट दालनाच्या भिंतीवर, भिंतभर कोळशाने चितारतात आणि प्रदर्शन संपलं की ते चित्र पुसलं जातं. रेखाटायचं, थोडं पुसायचं, पुन्हा रेखाटायचं आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्यायचा, अशा पद्धतीने त्यांनी चलच्चित्रंही केली. पुसलेल्या रेघेची काळी सावली मागे उरते आणि पुढची आकृती त्या सावलीतूनच चालत येते. जमीन खणायची, भरायची, पुन्हा खणायची, हे इथे साधनातच उतरलं आहे. विषय आणि साधन इतके एकजीव झालेले क्वचितच पाहायला मिळतात.

चित्रकार सुधीर पटवर्धनांची वाट अगदी वेगळी. 1949 साली पुण्यात जन्म, तिथेच लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण. चित्रकलेचं रीतसर शिक्षण कधीच घेतलं नाही. 1975पासून तीस वर्षं त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलं आणि त्याच्या जोडीनेच चित्रं काढली. पूर्णवेळ चित्रकार झाले ते 2005मध्ये. नोकरी-व्यवसाय म्हणजे कलेच्या वाटेतली धोंड, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. पटवर्धनांच्या बाबतीत मला ते खोटं वाटतं. दवाखान्यात रोज येणारी कष्टकरी माणसं, त्यांच्या बसण्या-उभं राहण्यातला थकवा, लोकलमधली गर्दी, रेल्वेचे पूल, इराणी हॉटेलातली टेबलं, असं सगळं त्यांच्या कॅनव्हासवर आलं. त्यांच्या माणसांना वजन असतं. खांदा कुठे ओघळतो, पाय कुठे भार घेतो, हे देह आतून माहीत असलेल्या माणसानेच काढावं. 2001च्या ‘लोअर परळ’ या चित्रात गिरणगाव बदलत असल्याचं दिसतं; ज्याने ही वस्ती वर्षानुवर्षं जाता-येता पाहिली, त्याच्या नजरेतून. ठाण्यात राहून त्यांनी ठाणेही रंगवलं, ज्याला तोवर चित्राचा विषय म्हणून कोणी विचारत नव्हतं.

अतुल डोडिया घाटकोपरचे. दुकानाचं लोखंडी शटर ही आपण रोज पाहतो ती वस्तू, बंद आणि दंगलीच्या दिवसांत खाडकन खाली येणारी. डोडियांनी 2000च्या सुमारास शटरवरच चित्रं काढायला सुरुवात केली. 2001 साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये ती दाखवली गेली. त्यांच्या अशाच एका कामात शटरवर कॅलेंडरमधली महालक्ष्मी आहे. शटर वर सरकवलं की आत गळफास घेतलेल्या तीन बहिणी. हुंड्यापायी मुलींनी जीव दिल्याची बातमी आपणही पेपरात वाचतो आणि पान उलटतो. डोडिया तिथे थांबले. पाहणाऱ्यालाही ते शटरशी थांबवतात, कारण देवी दिसते तेव्हा मुली दिसत नाहीत आणि मुली दिसतात तेव्हा देवी गुंडाळलेली असते.

तरुणांपैकी अमोल पाटील यांचं नाव घ्यायला हवं. आजोबा पोवाडे रचणारे, वडील नाटककार. मुंबईतल्या चाळी आणि सफाई कामगार हा त्यांच्या कामाचा गाभा, आणि तोच त्यांनी 2022मध्ये जर्मनीतल्या कासेल इथे डॉक्युमेंटा या मोठ्या प्रदर्शनात मांडला.

आपल्या जगण्यातलाच विषय रंगवण्यात एक धोकाही आहे. बाजाराला शिक्का आवडतो. ‘खाणवाला चित्रकार’ अशी ओळख एकदा झाली की पुढची वीस वर्षं त्याने खाणच द्यावी, अशी अपेक्षा होते, आणि जगलेला विषय हळूहळू तयार माल होऊन बसतो. पाचपुते यातून सुटले ते विषय न सोडता, त्याचा परीघ वाढवून. शेतकरी, त्याची जमीन, तिची झीज त्यांच्या चित्रांत आली. वेल्समधल्या ‘आर्टेस मुंडी’ या पुरस्कारासाठी काम करताना त्यांनी तिथल्या कोळसा कामगारांची आणि आपल्याकडच्या खाणकामगारांची परंपरा शेजारी शेजारी ठेवली. 2021मध्ये तो पुरस्कार सहा कलावंतांना मिळून देण्यात आला. त्यात ते होते.

हे चित्रकार पाहिलेलं, जगलेलं रंगवतात; आपल्या शाळांत मात्र उलटं चालतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांत स्मरणचित्राचा पेपर असतो. कल्पना उत्तम आहे: पाहिलेलं आठवून काढा. पण क्लासमध्ये मुलांकडून बाजार, बसथांबा, जत्रा यांची ठरावीक चित्रं घोटून घेतली जातात. सगळ्या बाजारांत तीच भाजीवाली, त्याच कोनातली टोपली. नंदुरबारचा मुलगा आणि दादरची मुलगी एकच बाजार काढतात. मुलाने कधी न पाहिलेलं पाठ करून काढायचं, याला स्मरणचित्र कसं म्हणायचं?

चित्रकलेच्या शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती एवढीच आहे. येत्या परीक्षेआधी मुलांना एक दिवस वही-पेन्सिल देऊन खऱ्या बाजारात न्या, आपल्याच गावच्या. तिथे तासभर बसू द्या. भाजीवालीची टोपली वेडीवाकडी आली तरी खोडरबर हातात देऊ नका.