पातळ दंडगोलाकार कवचांवरील स्थानिक भार : संरचनात्मक वर्तनाचे विवेचन

बीजशब्द : पातळ कवच, दंडगोल, स्थानिक भार, प्रतिबल, नमन परिबल, सॅडल

प्रस्तावना

ज्या वक्र रचनेची जाडी तिच्या त्रिज्येच्या मानाने अत्यल्प असते, तिला अभियांत्रिकीत पातळ कवच असे म्हणतात. धान्याचा सायलो, दुधाचा टँकर, विमानाचे धड आणि द्रवरूप एलपीजी साठविणारी, कारखान्यात 'बुलेट' या नावाने ओळखली जाणारी आडवी टाकी ही दंडगोलाकार कवचाची परिचित उदाहरणे होत. सर्वत्र सारखा पसरलेला दाब ही कवचे फारच थोड्या सामग्रीत पेलतात. मात्र जेथे आधार येतो, नळी जोडली जाते किंवा टाकी उचलण्यासाठी कडी बसविली जाते, तेथे भार लहानशा क्षेत्रावर एकवटतो आणि कवचाचे वर्तन पालटते. केवळ आतील दाबावरून जाडी ठरविलेली टाकी अशाच जागी दगा देऊ शकते. हे वर्तन का पालटते व त्यावर उपाय कोणते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. समान दाबाखालील वर्तन

१००० मिमी त्रिज्येची व १० मिमी जाडीची पोलादी टाकी उदाहरणादाखल घेऊ. आतील दाब प्रति चौरस मिमी १ न्यूटन असल्यास परिघाच्या दिशेने १०० व अक्षाच्या दिशेने ५० न्यूटन प्रति चौरस मिमी इतके प्रतिबल निर्माण होते. हे प्रतिबल पत्र्याच्या जाडीभर जवळजवळ एकसारखे असते. पत्रा वाकत नाही, केवळ ताणला जातो. त्यामुळे त्याच्या जाडीचा प्रत्येक थर सारखेच काम करतो. सपाट पत्र्याला हाच दाब वाकून पेलावा लागला असता. कवचाचे सामर्थ्य जाडीत कमी आणि गोलाईत अधिक आहे, असे म्हणतात ते या अर्थाने.

२. वलयाकार भार

आता याच टाकीवर एका वर्तुळरेषेवर, परिघाच्या प्रत्येक मिमीवर १०० न्यूटन याप्रमाणे, आतल्या बाजूस दाबणारा भार दिला असे मानू. त्या रेषेवर पत्रा अक्षाच्या दिशेने वाकतो. गणिताने तेथील नमन प्रतिबल सुमारे ११७ न्यूटन प्रति चौरस मिमी येते. संपूर्ण टाकीतील दाबामुळे येणाऱ्या परिघीय प्रतिबलापेक्षाही ते अधिक आहे.

हा परिणाम किती दूर पोचतो, हे त्रिज्या व जाडी यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर अवलंबून असते. येथे ते १०० मिमी आहे. त्याच्या सुमारे २.४४ पट अंतरावर, म्हणजे २४४ मिमीवर, नमन परिबल मूळ मूल्याच्या जेमतेम ४ टक्के उरते. जाडी दुप्पट केल्यास दाबाचे प्रतिबल निम्मे होते, तर हे नमन प्रतिबल ११७ वरून सुमारे ४१ वर, म्हणजे ३५ टक्क्यांवर येते. संपूर्ण टाकी जाड न करता भाराच्या जागी जादा पत्र्याचा पॅड वितळजोडाने बसविण्याची प्रथा याच कारणाने रूढ झाली.

३. एकाच बाजूचा भार

वलयाकार भारात वर्तुळ लहान होते, परंतु वर्तुळच राहते. भार एकाच बाजूस पडला की मात्र गोलाईच ढासळते. कागदाची लांब नळी मध्यभागी बोटाने दाबली असता तिचा चपटेपणा अक्षाच्या दिशेने दूरवर पसरतो, कारण त्या दिशेने नळीला वक्रता नसते. टोकाला चकती बसविली, तर चकतीजवळचा भाग गोल राहतो. म्हणूनच वलयाकार भारासाठी काढलेली अंतराची मर्यादा येथे जशीच्या तशी लावणे चुकीचे ठरते.

या प्रश्नाच्या गणिताला डोनेल यांच्या १९३३ च्या समीकरणांनी सुलभ रूप दिले. युआन यांनी १९४६ मध्ये एकवटलेल्या भाराचा विचार केला. बायलार्ड यांनी १९५४-५५ च्या सुमारास लहान आयताकृती क्षेत्रावरील भाराची उत्तरे मांडली. त्यांच्या आधारे १९६५ मध्ये वेल्डिंग रिसर्च कौन्सिलची १०७ क्रमांकाची पुस्तिका निघाली आणि संकल्पकांच्या हाती आलेख आले.

४. आडव्या टाकीचा आधार

बुलेट सामान्यतः खोगिराच्या आकाराच्या दोन आधारांवर, म्हणजे सॅडलवर, ठेवलेली असते. सॅडल जेथे संपते त्या टोकाशी परिघीय नमन परिबल सर्वाधिक असते. झिक यांनी १९५१ मध्ये दिलेल्या पद्धतीत हे परिबल सॅडलवरील भार, त्रिज्या व एक गुणांक यांच्या गुणाकाराने मिळते. सॅडलचा कोन १२० अंश असून ते टाकीच्या टोकाच्या झाकणापासून त्रिज्येइतके किंवा अधिक दूर असेल, तर गुणांक ०.०५२८ असतो. अंतर त्रिज्येच्या निम्मे किंवा कमी असल्यास तो ०.०१३२, म्हणजे एक चतुर्थांश होतो. येथे झाकण कागदी नळीच्या चकतीचे काम करते. कोन १५० अंश केल्यास ०.०५२८ ऐवजी ०.०३१६ घ्यावा लागतो.

येथे एक बाब सहज नजरेआड होते. एलपीजी पाण्याच्या सुमारे निम्मे जड असतो. त्यामुळे चाचणीसाठी टाकी पाण्याने भरली जाते तेव्हा सॅडलवरील भार नेहमीच्या वापरापेक्षा बराच अधिक असतो. शिवाय आतील दाब कवचाला गोल राहण्यास साहाय्य करतो. पाणी भरून झाले पण दाब चढविलेला नाही, अशा वेळी ते साहाय्यही नसते. दाब शून्य म्हणजे धोका शून्य, हा समज म्हणूनच घातक ठरतो.

५. संगणकीय विश्लेषणाची मर्यादा

आज फायनाइट एलिमेंट पद्धतीने हे गणित सहज करता येते. तथापि वरील टाकीसाठी १०० मिमी आकाराच्या घटकांची जाळी घेतल्यास नमन प्रतिबलाचे शिखर निसटते आणि पडद्यावरील चित्र फसवे ठरते. जाळी किती बारीक हवी, हे त्याच वर्गमुळावरून ठरवावे लागते.

निष्कर्ष

दंडगोलाकार कवच गोल आहे तोवर समर्थ आहे. स्थानिक भार पत्र्याला वाकवितो आणि एकाच बाजूने आल्यास त्या गोलाईवरच आघात करतो. म्हणून भार अधिक क्षेत्रावर पसरविणे, पॅडने जाडी वाढविणे आणि झाकणाच्या किंवा मजबुतीच्या वलयाच्या साहाय्याने गोलाई टिकविणे, हे तीन मार्ग उपलब्ध आहेत. कवचांचे अध्यापन बहुधा दाबाच्या दोन सूत्रांशी थांबते. ती सूत्रे टाकीच्या बहुतांश पत्र्याविषयी खरे सांगतात. आधाराजवळच्या थोड्या भागाविषयी ती मौन बाळगतात. विद्यार्थ्यास त्या मौनाची जाणीव करून देणे अगत्याचे आहे.