निवडलेले कोण?

नाताळच्या उपासनेत देशोदेशीच्या ख्रिस्ती मंदिरांतून एकच वार्ता घोषित होते, ती म्हणजे देवाचे जगावर प्रेम आहे. परंतु या ‘जगा’त कोण कोण येतात? सर्व माणसे, की देवाने आधीच निवडलेली? हा वाद ख्रिस्ती आचार्यांत दीड हजार वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे, आणि तो केवळ पंडितांचा वाद नव्हे.

आरंभ ऑगस्टीनपासून धरावा. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगराचे हे बिशप (३५४–४३०). पेलाजियस नामक तपस्व्याचे मत असे, की मनुष्य स्वतःच्या इच्छाबळाने धर्माचरण करू शकतो. ऑगस्टीनांचे म्हणणे, पतिताची इच्छाही पतितच. तिला उठवायचे तर प्रथम कृपा हवी, आणि ती कोणावर व्हावी हे देवाच्याच अधीन. अकराशे वर्षांनी जिनिव्हाच्या जॉन कॅल्व्हिन (१५०९–१५६४) यांनी हा विचार टोकापर्यंत नेला. काहींना अनंत जीवनासाठी, काहींना अनंत नाशासाठी देवाने सृष्टीपूर्वीच नेमले आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. हा संकल्प अंगावर काटा आणणारा आहे, हे त्यांनीही मान्य केले. मध्वाचार्यांनी मानलेल्या मुक्तियोग्य, नित्यसंसारी व तमोयोग्य या जीवभेदांची येथे आठवण होते. मात्र मध्वमतात भेदाचे मूळ जीवाच्या स्वभावात आहे. कॅल्व्हिन ते केवळ ईश्वरेच्छेत पाहतात.

विरोध झालाच. हॉलंडमधील लायडनचे अध्यापक आर्मिनियस (मृत्यू १६०९) म्हणत, कृपा सर्वांपुढे ठेवलेली आहे आणि ती नाकारण्यास माणूस मोकळा आहे. त्यांच्या अनुयायांचे मत डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८–१९) फेटाळले. इंग्लंडात जॉन वेस्ली यांनी १७३९ मध्ये या पूर्वनियोजनाविरुद्ध प्रवचन केले, आणि जॉर्ज व्हाइटफील्डसारखा सहकारी काही काळ दुरावला. रोमन कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तर १९६४ मध्ये असे म्हटले, की स्वतःच्या दोषावाचून ख्रिस्ताची वार्ता न कळलेले, पण प्रांजळपणे देवाला शोधणारे जन हेही तारण पावू शकतात. माझा कल वेस्लींकडे आहे, हे लपवीत नाही. तथापि, आपल्या पुण्याईने आपण तरलो हा अहंकार कॅल्व्हिनपंथीयांना समूळ छाटावयाचा होता, हेही ध्यानात घ्यावे.

आता याच सिद्धांताखाली जगलेल्या दोन मित्रांची कथा ऐकावी. इंग्लंडातील ऑल्नी गावी जॉन न्यूटन धर्मोपदेशक होते आणि कवी विल्यम कूपर त्यांचे शेजारी. दोघेही कॅल्व्हिनच्याच मताचे. न्यूटन हे पूर्वी गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजाचे कप्तान. माझ्यासारख्या पाप्यालाही देवाने निवडले, या विचारावर त्यांचा सारा भार. कूपर हळव्या मनाचे, पुढे घरात ससे पाळून त्यांच्यात रमणारे. १७७३ च्या आरंभी त्यांना स्वप्नात वाणी ऐकू आली, आणि देवाने आपला कायमचा त्याग केला आहे असे त्यांच्या मनाने घेतले. मनोविकाराचे झटके त्यांना पूर्वीही आले होते, म्हणून सारा दोष सिद्धांतावर लादणे अन्यायाचे होईल. पण त्या विकाराला शब्द मिळाले ते सिद्धांताचे. वस्तुतः साशंक मनाने हताश होऊ नये, उपासना चालू ठेवावी, असे डॉर्टच्या निर्णयपत्रातच सांगितले आहे. न्यूटननी त्यांना परोपरीने धीर दिला. कूपरांचे उत्तर ठरलेले: ते वचन इतरांसाठी, माझ्यासाठी नव्हे.

१७७९ मध्ये दोघांची भक्तिगीते एका संग्रहात प्रसिद्ध झाली, आणि त्यांतील कूपरांची गीते आजही ख्रिस्ती मंडळ्या गातात. कवी मात्र उपासनेला जाईनासे झाले होते. पुढे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध कप्तानानेही लेखणी उचलली आणि कवीनेही. १७९९ मध्ये कूपरांनी एक कविता लिहिली. जहाजावरून समुद्रात फेकला गेलेला खलाशी पोहत राहतो, सोबती वादळात वळू शकत नाहीत, तो बुडतो. आपण त्याहून खोल पाण्यात बुडालो, असे कवी शेवटी म्हणतो. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये कूपर वारले.