नव्वदीनंतरच्या बुद्धीची परीक्षा

गेल्या आषाढांत आमच्या वर्ध्याच्या घरीं एक प्रसंग घडला. तो वरवर क्षुल्लक, पण घरांत वृद्ध माणूस असलेल्या प्रत्येक कुटुंबानें विचार करण्याजोगा आहे. आमच्याकडे सर्वांत वडील म्हणजे माझी काकू. तिचें वय 92. ऐकूं थोडें कमी येतें. एरवीं प्रकृति ठणठणीत, आणि कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा अद्याप तिच्याच कमरेला. वैद्यकाचा अभ्यास करणारा माझा पुतण्या सुटींत घरीं आला असतां त्यानें हौसेनें तिची परीक्षा घेतली. “आजी, आज तारीख कोणती? साल कोणतें? 100 मधून 7 वजा करीत जा पाहूं.” काकूनें तारीख सांगितली नाहीं, साल चुकविलें, आणि वजाबाकी 93 वर सोडून ती जपाला बसली. झालें! रात्रीं माजघरांत कुजबूज सुरू झाली कीं काकूला भ्रम होऊं लागला. किल्ल्या आतां सूनबाईच्या हातीं द्याव्या.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं काकूनें मला हांक मारली. “अरे बापू, आज दशमी. उद्यां सगळ्यांचा उपास, आणि डब्यांत साबूदाणा वाटीभरसुद्धां नाहीं!” पंचांग पाहिलें, डबा पाहिला, दोन्ही गोष्टी खऱ्या. मीं 35 वर्षें शाळेंत प्रश्नपत्रिका काढल्या. मुलगा नापास झाला म्हणजे कदाचित् प्रश्नच चुकला असेल, हा संशय मला फार थोड्या वेळां आला, हें येथें कबूल केलें पाहिजे.

ह्या निमित्तानें मीं सदर परीक्षेची माहिती करून घेतली. 1975 सालीं अमेरिकेंत मार्शल फोल्स्टीन, त्यांच्या पत्नी सुसान फोल्स्टीन व पॉल मॅकह्यू ह्या तिघांनीं ती प्रसिद्ध केली. एकंदर गुण 30. दिवस व स्थळ सांगणें, 3 शब्द ध्यानांत ठेवणें, 100 मधून 7 वजा करीत जाणें, घड्याळ व पेन्सिल ह्यांचीं नांवें सांगणें, एक वाक्य लिहिणें, दोन पंचकोन काढणें असे तिचे भाग आहेत. 24 हून कमी गुण पडले तर बुद्धि मंदावल्याची शंका घेण्याचा प्रघात पडला. परंतु जिनें शाळेचा उंबरठाही ओलांडला नाहीं तिच्या हातीं लेखणी देऊन पंचकोन काढावयास सांगणें म्हणजे बुद्धीची नव्हे, तर शिक्षणाची परीक्षा होय. म्हणूनच हरियाणांतील बल्लभगड भागांत निरक्षर वृद्धांसाठीं हिची हिंदी आवृत्ति तयार झाली, व ती 1995 सालीं प्रसिद्ध झाली.

वयाबरोबर सारीच बुद्धि एका मापानें ओसरते, हाही आपला एक गैरसमज आहे. अमेरिकेंतील सिएटल शहरीं 1956 पासून त्याच त्या माणसांची दर 7 वर्षांनीं परीक्षा घेण्याचा मोठा उद्योग चालला. त्यावरून दिसलें कीं उत्तराचा वेग लवकर मंदावतो, परंतु शब्दसंपत्ति फार काळ टिकते. आजच्या विशीच्या तरुणाशीं आजच्या नव्वदीच्या आजीची तुलना केली तर वयाचा परिणाम कोणता व शाळेच्या अभावाचा कोणता, हें उमगत नाहीं. खरी तुलना त्याच माणसाच्या कालच्या स्थितीशीं करावी.

आतां ह्याचा परमावधि पाहा. हॉलंडमधील हेंड्रिक्ये व्हान आंडेल-शिपर ह्या बाईंचा जन्म 1890 चा. 82 व्या वर्षीं त्यांनीं आपला देह शास्त्राभ्यासासाठीं देऊं केला. 112 व 113 व्या वर्षीं त्यांची बुद्धिपरीक्षा झाली, तींत त्या 60 ते 75 वर्षांच्या निरोगी माणसांच्या सरासरीपेक्षां सरस ठरल्या. 2005 सालीं, 115 व्या वर्षीं, त्या वारल्या. नंतर मेंदू तपासला असतां अल्झायमर ह्या स्मृतिनाशक रोगाचीं चिन्हें त्यांत जवळजवळ आढळलीं नाहींत. अर्थात् स्मृतिनाश हा वार्धक्याचा अटळ धर्म नव्हे. तथापि एका उदाहरणावरून सर्वांस अभय मिळत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

आमच्या पिढीस पाठांतराचा अभिमान फार. 2016 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत 21 यजुर्वेदी पंडितांच्या मेंदूंची 21 इतर माणसांशीं तुलना केली. स्मृति व भाषा ह्यांच्याशीं संबद्ध कांहीं भाग पंडितांत अधिक पुष्ट दिसले. मात्र हे पंडित तरुण होते. पाठांतरानें म्हातारपणीं स्मृति टिकते, असें ह्यावरून म्हणतां येणार नाहीं. संस्कृतप्रेम वेगळें आणि प्रमाण वेगळें.

आमच्या जिल्ह्यांत सेवाग्राम येथें 1969 सालीं स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेंत विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक खेडें दत्तक घेते व आरंभींच तेथें जाऊन राहते. परीक्षकानेंही असेंच करावें: वृद्धाच्या अंगणांत जावें. सकाळची वेळ साधावी, चष्मा व कर्णयंत्र असल्यास तीं लावावीं, त्याच्याच बोलींत सावकाश विचारावें, आणि चारचौघांदेखत विचारूं नये. थायरॉईडचा विकार, ब-12 जीवनसत्त्वाची उणीव, खिन्नता, एखादें औषध, ह्यांनींही बुद्धि झांकोळते व उपायानें पुष्कळदां निवळते. एकाएकीं बरळणें सुरू झालें तर तें वय समजून स्वस्थ बसूं नये. अंगांत ज्वर किंवा मूत्रमार्गाचा दोष असूं शकतो, तत्काळ डॉक्टरांस बोलवावें.

पुतण्यानें पुढें काकूची पुन्हां परीक्षा घेतली. ह्या वेळीं तिथि विचारली आणि वार उलटे म्हणावयास सांगितले. शनिवारापासून रविवारापर्यंत ती न अडखळतां आली. मात्र सांगितलेल्या 3 शब्दांपैकीं 1 तिला आठवला नाहीं, आणि चौकशीअंतीं कळलें कीं रक्तदाबाची गोळी ती कधीं कधीं दोनदां घेते. अशी घरगुती परीक्षा म्हणजे निदान नव्हे. म्हणून तिला डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं कान तपासले, रक्त तपासलें आणि 6 महिन्यांनीं पुन्हां येण्यास सांगितलें. दरम्यान काकूलाच विचारून आम्हीं व्यवस्था ठरविली. ती सूनबाईस म्हणाली, “गोळ्या तूं सांभाळ, कोठी मी सांभाळतें.” किल्ल्या तिच्या कमरेला आहेत, आणि गोळीही आतां एकदांच घेतली जाते.